मत कुणाला द्यायचं?

आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, एक इस्त्रीवाला असतो. मयूर विहारमध्ये अशा प्रत्येक फाटकाबाहेर एक असतोच. लाकडी मेज, त्यावर चार घड्या घातलेलं जुनं ब्लँकेट, त्यावर पांढरी चादर आणि चादरीवर जागोजागी इस्त्रीच्या टोकाचे तपकिरी डाग. इस्त्री कोळशाची, इतकी जड की मला एका हाताने उचलत नाही. झाकण उघडून तो पुठ्ठ्याने वारा घालतो तेव्हा आतले निखारे लाल होतात आणि राखेचे कण कडुनिंबाच्या सावलीत तरंगत राहतात. त्याची बायको घरोघरी फिरून चादरीत बांधलेली गाठोडी आणते. कुणाचं गाठोडं कुठलं हे तिला गाठीवरून कळतं. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी एक गाडी आली, सोबत बंदोबस्ताला पोलीस होते, आणि मेज, बाकडं, पाण्याची घागर सगळं उचलून गाडी निघून गेली. इस्त्री तेवढी त्याने आधीच हातात घेतली होती. ती तापलेली होती, म्हणून कुणी हिसकावली नाही.

मग त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. एक-दोनदा अर्ज लिहून द्यायला मीही बरोबर गेले. नगरसेवकाकडे सांगितलं, रस्ता झाडण्याचं काम आमचं, पण झाडाखालची ती पट्टी आमची नाही. आमदाराच्या कार्यालयात खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, जमिनीचा विषय दिल्ली सरकारकडे येतच नाही, पोलीसही येत नाहीत, आम्ही फार तर पत्र देऊ. खासदाराच्या कार्यालयात अर्जावर शिक्का मारून पोच दिली. तिघेही बोलायला वाईट नव्हते आणि तिघांचंही म्हणणं कायद्याला धरून होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या फाटकावरच्या भाऊबंदाच्या मेजावर माझी साडी इस्त्री करता करता त्याने विचारलं, “मैडम, हम तो तीन-तीन बार वोट डालते हैं। किसको डालें कि मेज वापस आ जाए?”

हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

दिल्लीत माझी बरीचशी हयात गेली. इथे मी महापालिकेला मत देते, विधानसभेला देते, लोकसभेला देते. 250 नगरसेवक, 70 आमदार, 7 खासदार. बोटाला शाई लागायला काही कमी नाही. राज्यघटनेच्या 239 एए कलमाने या शहराला विधानसभा दिली, मंत्रिमंडळ दिलं, मुख्यमंत्री दिला, आणि त्याच कलमाने सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे तीन विषय वगळून केंद्राकडे ठेवले. राहिलेल्या विषयांवरसुद्धा संसद हवा तो कायदा करू शकते. कागदावर हे तीनच विषय दिसतात, पण शहरात राहणाऱ्या माणसाचा दिवस त्यांनीच भरलेला असतो. शाळा बांधायची तर जमीन लागते, दवाखान्याला लागते, बस डेपोला लागते. रात्री मुलगी घरी यायला उशीर झाला की आठवतात ते पोलीसच. आणि इस्त्रीच्या मेजाला चार बाय तीन फुटांची सावली लागते, तीही कुणाच्या तरी जमिनीवरच पडलेली असते.

मला हे सगळं जरा जास्तच लागतं, त्याला कारण माझे वडील. ते गिरगावातले. 1956 साली ते शाळकरी होते. “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे” ही घोषणा त्यांनी पाढ्यांसारखी पाठ केली होती, आणि म्हातारपणीही ती म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. 16 जानेवारी 1956 ला पंडित नेहरूंनी रेडिओवरून सांगितलं, की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. त्या संध्याकाळी आमच्या चाळीत कुणाच्याच घरी जेवणं धड झाली नाहीत, असं वडील सांगायचे. पुढचे दिवस संचारबंदीचे, गोळीबाराचे होते. गॅलरीत उभं राहायलाही आजी मुलांना देत नसे. लहानपणी मला वाटायचं, हे सगळं भाषेसाठी होतं. भाषेसाठी होतंच. मात्र वडील आणखी एक गोष्ट सांगत, आणि ती मला दिल्लीत आल्यावर कळली. ते म्हणायचे, “अगं, गिरगावातल्या नळाला पाणी आलं नाही तर मी दिल्लीला जाब विचारायला जाऊ? जो विचारल्यावर दाराबाहेर येईल असा माणूस आपल्यावर राज्य करणारा हवा.”

त्या वर्षीच्या घडामोडी लागोपाठ ठेवून पाहिल्या की अंगावर काटा येतो. राज्य पुनर्रचना झाली तेव्हा मुंबईचं केंद्रशासित होणं टळलं. आधी गुजरातसह मोठं द्विभाषिक राज्य झालं आणि चार वर्षांनी महाराष्ट्र. ते द्विभाषिक अस्तित्वात आलं 1 नोव्हेंबर 1956 ला. त्याच दिवशी दिल्लीची विधानसभा संपली. 1952 मध्ये निवडून आलेली, तिशीतल्या चौधरी ब्रह्म प्रकाशांना मुख्यमंत्री करणारी ती विधानसभा. तिलाही अधिकार अपुरेच होते, ब्रह्म प्रकाशांचं केंद्राने नेमलेल्या मुख्य आयुक्तांशी पटत नव्हतं, पण होती तरी. मुंबई ज्यातून वाचली, त्यातच दिल्ली त्या दिवशी गेली. मुंबईकरांनी रस्त्यावर येऊन, रक्त सांडून नकार दिला होता. दिल्लीत फाळणीनंतर आलेले निर्वासित तेव्हा अजून डोक्यावर छप्पर शोधत होते. आपल्या विधानसभेसाठी लढायला त्यांच्यात त्राण कुठून असणार? पुढची विधानसभा निवडून यायला 1993 उजाडलं. मधल्या काळात महापालिका होती, नंतर महानगर परिषद होती. परिषद चर्चा करायची आणि शिफारशी करायची.

लोधी बागेला लागून असलेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये एक सभागृह आहे, चिंतामणराव देशमुखांच्या नावाचं. ते त्या संस्थेचे पहिले अध्यक्ष, म्हणून नाव. मी तिथे व्याख्यानांना जाते. एकदा तिथे केंद्र-राज्य संबंधांवर चर्चा होती आणि वक्ते दिल्लीच्या दर्जाबद्दल बोलत होते. बोलता बोलता एकाने सहज म्हटलं, राजधानीच्या लोकांनी एवढा त्याग करायलाच हवा. पाठीमागे देशमुखांचं नाव, आणि समोर हे वाक्य. मुंबईला केंद्रशासित करण्याच्या निर्णयावरून ज्यांनी 1956 मध्ये देशाचं अर्थमंत्रिपद सोडलं, लोकसभेत उभं राहून त्याची कारणं सांगितली, ते हे देशमुख. रागाने उठून जाणाऱ्यांतले ते नव्हते. आकड्यांचा, संस्कृतचा, बागेचा शौक असलेला शांत माणूस. एका शहराच्या लोकांना न विचारता त्यांच्या शहराचं काय करायचं ते ठरवलं गेलं, हे त्यांना सहन झालं नाही. राजीनाम्यानंतरही ते दिल्लीत राहिले, विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ज्या शहराला विधानसभा उरली नव्हती त्याच शहरात त्यांनी संस्था उभ्या केल्या. त्या दिवशी सभागृहात मला उठून बोलावंसं वाटलं, आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी मी बोललेही. वक्त्यांनी ऐकून घेतलं. ‘मुंबईची गोष्ट वेगळी आहे’, म्हणाले.

वेगळी आहेच. ते मीही मान्य करते.

पहाडगंजातून करोलबागकडे जाणारा देशबंधू गुप्ता रस्ता आहे. नूतन मराठी शाळेच्या कार्यक्रमांना जाताना आमची रिक्षा तिथे हमखास अडकते. हे देशबंधू गुप्ता संविधान सभेत दिल्लीचे प्रतिनिधी होते आणि दिल्लीकरांना आपलं सरकार हवं म्हणून तिथे पोटतिडकीने भांडले. पट्टाभि सीतारामय्यांच्या समितीनेही दिल्लीला विधिमंडळ द्यावं असं सुचवलं होतं. मसुदा समितीचं, म्हणजे बाबासाहेबांच्या समितीचं मत वेगळं पडलं. देशाच्या राजधानीचा कारभार स्थानिक सरकारच्या हाती देता येणार नाही, असं त्यांना वाटत होतं. बाबासाहेबांचं म्हणणं मला सहज बाजूला सारता येत नाही. नुकती फाळणी झालेली, दिल्लीत दंगे उसळून गेलेले, गांधीजींचा खून याच शहरात झालेला. अशा वेळी संसद, सर्वोच्च न्यायालय, वकिलाती, राष्ट्रपती भवन ज्या रस्त्यांवर आहेत, त्या रस्त्यांवरचे पोलीस दुसऱ्याच कुणाच्या हुकमात असावेत, हे कुठल्या केंद्र सरकारला परवडलं असतं? उद्या केंद्रात एक पक्ष, शहरात दुसरा, आणि परदेशी पाहुणा विमानतळावर उतरायच्या वेळी दोघांची तंटेबाजी चाललेली, ही भीती पोकळ नाही. गुप्ता मात्र पहिली विधानसभा पाहायला राहिले नाहीत. 1951 च्या नोव्हेंबरात, निवडणुकीला थोडेच महिने उरलेले असताना, विमान अपघातात गेले.

त्या भीतीचं एक रूप मी डोळ्यांनी पाहिलंय. 2014 चा जानेवारी, प्रजासत्ताक दिनाच्या ऐन तोंडावर, मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल रेल भवनासमोर रस्त्यात धरण्याला बसले. मागणी होती काही पोलीस अधिकाऱ्यांच्या निलंबनाची. त्या रात्री पाऊस होता, थंडी अशी की शाल दोन पदरी घेतली तरी भागत नव्हतं. जवळची मेट्रो स्टेशनं बंद होती आणि मी कृषी भवनापासून पायी निघाले होते. राज्याचा प्रमुख माणूस स्वतःच्या शहरातल्या फौजदाराला हलवू शकत नाही, म्हणून फुटपाथवर गोधडी पांघरून बसलाय, हे बघून मला लाजही वाटली आणि चीडही आली. चीड दोन्हीकडची होती. संचलनाची तयारी चाललेल्या रस्त्यावर मुख्यमंत्र्याने बसू नये असं वाटलं, आणि त्याने मग जावं कुठे हेही सुचेना.

माझ्या नात्यागोत्यात याबद्दल कुणाला फारसं काही वाटत नाही, याचं मला वाईट वाटतं. 11 मे 2023 ला सकाळपासून माझा फोन वाजत होता. पुण्याहून दीर, ठाण्याहून मामेबहीण, सगळ्यांना महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या निकालाबद्दल बोलायचं होतं. राज्यपाल चुकले म्हणतात, मग सरकार कसं राहिलं? त्याच दिवशी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्याच अध्यक्षतेखालच्या त्याच पाच जणांच्या घटनापीठाने दिल्लीचाही निकाल दिला होता. दिल्ली सरकारच्या अधिकाऱ्यांच्या बदल्या-नेमणुका निवडून आलेल्या सरकारच्या हाती हव्यात, असा. अधिकाऱ्याला जर माहीत असेल की मंत्र्याला आपल्याबद्दल काही करता येत नाही, तर तो मंत्र्याला, आणि मंत्र्यामार्फत मतदाराला, उत्तर देणार नाही. केवढी साधी आणि केवढी महत्त्वाची गोष्ट! फोनवर मी ती सांगायचा प्रयत्न केला. दीर म्हणाले, “वहिनी, तुमच्या दिल्लीचं राहू द्या, आमच्याकडे बघा काय चाललंय.” आठवडा उलटला आणि 19 मे रोजी केंद्राने अध्यादेश काढला, ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. आता बदल्या-नेमणुकांची शिफारस तीन जणांचं प्राधिकरण करतं: मुख्यमंत्री, मुख्य सचिव आणि गृह खात्याचे प्रधान सचिव. निर्णय बहुमताने. म्हणजे लाखोंच्या मतांनी आलेला एक आणि नेमलेले दोन, आणि दोघांनी हात वर केले की एकाचं काही चालत नाही. तिघांचं एकमत झालं तरी शेवटचा शब्द केंद्राने नेमलेल्या नायब राज्यपालांचा. महाराष्ट्रात राज्यपालांच्या एका पत्रावरून वर्षभर घराघरांत वाद झाले. आमच्याकडे हा रोजचा कारभार आहे.

फोंड्याच्या मावशीला मात्र हे चटकन कळलं. गोवा मुक्त झाल्यापासून 1987 पर्यंत केंद्रशासित होता. तिचं निम्मं आयुष्य त्यात गेलं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, या 1967 च्या जनमत कौलात तिच्या सासरी दोन तट पडले होते, जेवायच्या पंगतीसुद्धा वेगळ्या बसल्या होत्या, पण 30 मे 1987 ला राज्य झालं तेव्हा दोन्ही तट एकत्र पेढे खायला आले. ती दिल्लीला आली असता मी तिला सिव्हिल लाइन्सला जुनं सचिवालय दाखवायला नेलं. पांढरी, लांबलचक, देखणी इमारत. जुनं गोल संसद भवन बांधून होण्याआधी केंद्रीय कायदेमंडळ इथेच भरायचं. विठ्ठलभाई पटेल 1925 मध्ये इथेच अध्यक्ष म्हणून निवडून आले. आता तिथे दिल्लीची विधानसभा बसते. मावशीने कठड्याला हात लावून विचारलं, “आमचें गोंय राज्य झालं तेव्हा आम्ही दहा-बारा लाख माणसं होतो गो. तुम्ही किती?” म्हटलं, 2011 च्या जनगणनेत एक कोटी 67 लाखांच्या वर. ती काही बोलली नाही. घरी येताना टॅक्सीत म्हणाली, “राज्य झाल्यावर आमच्याकडे सगळं सुधारलं असं नाही. जमिनींचं तर वाटोळंच झालं. पण शिव्या कुणाला घालायच्या ते कळतं.”

वॉशिंग्टनचंही दुखणं हेच. माझी भाची पलीकडे मेरीलँडमध्ये राहते, नदीच्या आणि हद्दीच्या अलीकडे-पलीकडे करत रोज कामाला जाते. तिच्या ऑफिसातल्या, शहरातच राहणाऱ्या बाईला कर भरूनही काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, मत देणारा प्रतिनिधी नाही. जवळजवळ सात लाख लोकांचं शहर, वायोमिंग राज्यापेक्षा मोठं. तिथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर प्रतिनिधित्वाविना कर भरतो अशी तक्रारच छापलेली असते. 2020 आणि 2021 मध्ये राज्याचा दर्जा देणारं विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पण सिनेटने ते पुढे जाऊ दिलं नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्या शहराचं पोलीस दल महिनाभरासाठी आपल्या हाताखाली घेतलं, तेव्हा भाचीने मला रात्री फोन केला आणि म्हणाली, मावशी, तू सांगायचीस ते आज कळलं. तिकडे बर्लिन मात्र जर्मनीची राजधानीही आहे आणि स्वतः एक राज्यही, आणि त्यामुळे जर्मनी काही बुडालेला नाही.

पैशाचा मुद्दा राहतो. दिल्ली पोलिसांचा खर्च केंद्र करतं, वर्षाला दहा हजार कोटींहून जास्त. पूर्ण राज्य झालं तर तो बोजा दिल्लीकरांवर येईल. कर वाढतील, काही सवलती जातील. माझ्या सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा निम्म्या लोकांनी मान हलवली, आहे तेच बरं म्हणाले. मला विचाराल तर मी तो कर भरायला तयार आहे. माझ्या गल्लीतला हवालदार ज्या मंत्र्याला बांधील आहे तो मंत्री मला पाच वर्षांनी घरी बसवता यावा, यासाठी पैसे मोजावे लागले तर ते वाया गेले असं मला वाटणार नाही.

2025 च्या फेब्रुवारीत सत्ताबदल झाला आणि आता केंद्रात व दिल्लीत एकाच पक्षाचं सरकार आहे. भांडणं थांबली. फायली हलतात, नायब राज्यपाल आणि मुख्यमंत्री एका व्यासपीठावर हसतमुखाने दिसतात. रोजच्या तंट्याला वैतागलेल्या माणसाला हे बरं वाटणारच, मलाही वाटतं. पण हा सलोखा दोन्हीकडे एकच पक्ष आहे म्हणून आहे. उद्या मतदारांनी इथे वेगळा कौल दिला की कायदा आहे तिथेच असेल आणि भांडण पुन्हा पहिल्या पानावर येईल. दिल्लीच्या मतदाराला यातून एक गोष्ट शिकवली जाते, की केंद्राला आवडेल तसं मत दिलंस तर सुखाने राहशील. ती मला मुळीच मान्य नाही. इस्त्रीवाल्याचं मेजही असंच सुटलं. आमच्या इमारतीतल्या कुणाची तरी कुठे तरी ओळख निघाली, फोन गेला, मेज आलं, एक पाय मोडलेलं. त्याने विटा लावून ते सरळ केलं. ओळख निघाली नसती तर त्याच्या तीन मतांपैकी एकही तिथवर पोचलं नसतं, हे त्यालाही ठाऊक आहे.

तोडगा अशक्य नाही. तो लिहूनही झाला होता. 2003 मध्ये लालकृष्ण अडवाणींनी उपपंतप्रधान असताना लोकसभेत दिल्लीला राज्य करणारं विधेयक मांडलं. संसद, मंत्रालयं, वकिलाती असलेला नवी दिल्ली नगरपालिकेचा भाग केंद्राकडे ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. हा भाग दिल्लीच्या 1,483 चौरस किलोमीटरपैकी जेमतेम 43. प्रणव मुखर्जींच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीकडे ते गेलं. मग लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही गेलं. त्यानंतर भाजप, काँग्रेस, आम आदमी पक्ष, सगळ्यांनी विरोधात असताना ही मागणी केली. केंद्रात जो बसला त्याने ती बाजूला ठेवली. बाबासाहेबांची भीती आणि देशबंधू गुप्तांचा हट्ट, दोघांनाही जागा देणारी ही वाटणी मला आजही सर्वांत न्याय्य वाटते. कर्तव्यपथाभोवतीचा, म्हणजे पूर्वीच्या राजपथाभोवतीचा, पट्टा देशाचा राहू दे. नरेला, नजफगढ, सीलमपूर, मयूर विहार इथल्या माणसांचा त्या पट्ट्यातल्या संचलनाशी काय संबंध, की त्यांनी आपली जमीन आणि आपले पोलीस गहाण टाकावेत?

ही घटनादुरुस्ती होईल ती संसदेत, आणि संसदेत दिल्लीचे लोकसभेत 7 आणि राज्यसभेत 3 खासदार आहेत. महाराष्ट्राचे 48 आणि 19. 2023 चा तो कायदा राज्यसभेत 131 विरुद्ध 102 मतांनी मंजूर झाला तेव्हा महाराष्ट्राचे खासदार दोन्ही बाजूंना होते आणि त्यांना त्याबद्दल आपल्या मतदारसंघात कुणी काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून हे मराठीत लिहिलं. पुण्यात, ठाण्यात, कोल्हापुरात, नागपुरात पुढच्या निवडणुकीला तुमच्या दारी जो येईल त्याला पाण्याचं विचारा, रस्त्याचं विचारा, आणि एवढंही विचारा की दिल्लीच्या प्रश्नावर तो कुठल्या बाजूला हात वर करणार आहे.